दोनशे चोवीस किलो

पंचनाम्यातलं वाक्य असं होतं: ‘सदर स्कूटर व सदर हातगाडी ही दोन्ही वाहने उभ्या स्थितीत असताना त्यांची एकमेकांस जोरदार धडक झाली.’

तिप्पण्णा बिराजदार सरांनी हे वाक्य चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून वाचलं, आणि तरीही ते तसंच राहिलं तेव्हा ते चौकीतल्या बाकावर खाली बसले. चौतीस वर्षं सोलापुरातल्या एका शाळेत त्यांनी नववी-दहावीला भौतिकशास्त्र शिकवलं होतं. उभ्या वस्तू एकमेकींवर आदळत नाहीत, एवढं तर मागच्या बाकावरची मुलंसुद्धा शाळेतून घेऊन जायची. आणि हे वाक्य लिहिणारा हवालदार बिरुदेव त्यांच्याच वर्गातला निघाला. एखाद्या वर्षी निकाल वाईट लागला तरी सरांना इतका अपमान वाटत नसे.

“बिरुदेव, धडकेच्या आधी दोघांचा वेग शून्य. म्हणजे एकूण संवेग शून्य. मग धडकेनंतर दोघं मिळून पंधरा फूट गेले ते कुणाच्या जिवावर?”

बिरुदेव वर्दीसकट उठून उभा राहिला. जुनी सवय. “सर, तुमी माजं सर. आन् फकीरचाचा गरीब मानूस. दोगंबी उबं होतं म्हनून लिवलं की कुनावरच काय येत न्हाय. लई इचार करून लिवलंय, सर.”

“निसर्गनियमाचा विचार केलास का?”

“त्येचं कलम न्हाय, सर,” बिरुदेव म्हणाला.

आता घडलं होतं ते एवढंच. मंगळवारी सकाळी साडेनऊला सर आपल्या जुन्या स्कूटरवरून भाजी मंडईला निघाले होते. मंडईच्या अलीकडच्या वळणावर फकीरचाचांची हातगाडी उभी असते, चादरी आणि टॉवेलांची. चाकाला विटेचा तुकडा लावलेला असतो. सरांची स्कूटर सरळ त्या गाडीखाली शिरली, पुढचं चाक तिच्या दांड्यात अडकून बसलं, आणि स्कूटर, सर, गाडी, चादरी असा सगळा संसार पंधरा फूट पुढे जाऊन रसवंतीच्या टेबलापाशी थांबला. सर पडले नाहीत. हे ते प्रत्येकाला आवर्जून सांगत. ते सीटवर ताठ बसलेले होते, फक्त त्यांच्या डोक्यावर तीन चादरी होत्या, त्यातली एक डबल बेडची.

फकीरचाचांचं म्हणणं साधं होतं. “सर, तुमी सीधे येऊन घुसले की! मान मागं वळवून कुनासंगं तरी बोलत होते. मागं तर कुनीच नव्हतं. अल्ला कसम.”

“मी कुणाशीही बोलत नव्हतो,” सर म्हणाले होते, आणि इतक्या जोरात म्हणाले होते की रसवंतीवाल्याने चरक बंद केला.

पुढे खरं तर काहीच व्हायचं कारण नव्हतं. सरांच्या कोपराची साल गेली होती आणि हेडलाइट फुटला होता. चाचांच्या गाडीचा एक दांडा वाकला होता, तो त्यांनी दगडाने ठोकून तिथल्या तिथे सरळ केला. जमलेली माणसं पांगायला लागली होती. पण मागे वळून बोलल्याचा आरोप सरांना लागला. “नोंद झाली पाहिजे,” असं म्हणून ते स्वतःच चौकीत गेले. आपल्याकडे सज्जन माणसाला चौकीत कुणी न्यावं लागत नाही, तो स्वतःच जातो आणि मग अडकतो.

तेवढ्यात दुसरीकडे घोटाळा होऊन बसला होता. सरांच्या सोसायटीत तळमजल्यावर कोंडीबा माने राहतात. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले. ते त्या वेळी मंडईतून मेथी घेऊन येत होते, त्यांनी चादरींखालच्या सरांचा फोटो काढला आणि काळजीपोटी थेट पुण्याला, सरांच्या मुलीला पाठवला. फोटो चांगला आला होता. त्यात स्कूटरच्या वेगमापकाचा काटासुद्धा स्वच्छ दिसत होता आणि तो चाळीसवर होता.

तो काटा सात वर्षांपासून चाळीसवरच आहे. पार्किंगमध्ये उभी असली तरी स्कूटर चाळीसने जात असते. पण हे पुण्यात कोण सांगणार?

उत्कर्षाचा फोन आला. “बाबा, चाळीस?”

“अगं, तो काटा बिघडलेला आहे.”

“आपलं काय ठरलं होतं? आई गेल्यावर मी स्कूटर विकायची म्हणत होते. तुम्ही म्हणालात, वीसच्या वर कधी जाणार नाही. गेलो आणि काही झालं तर चावी तुझ्याकडे देईन. तुम्ही म्हणालात, मी नाही.”

“वीसच्या आतच होतो.”

“बोलून नको. मांडून दाखवा. तुम्हीच शिकवलंय मला. पोलिसांच्या कागदावर काय लिहिलंय?”

सरांनी पंचनाम्याचा फोटो पाठवला. पाच मिनिटांनी उत्तर आलं: ‘हा काय विनोद आहे?’

तर असे तीन आकडे झाले. पुण्याच्या मते चाळीस, पोलिसांच्या मते शून्य, आणि सरांच्या मते वीसच्या आत. मधे उभी होती ती स्कूटर. ती गेली तर काय जाणार होतं, हे सर कुणाला सांगत नसत. सकाळची मंडईची फेरी एवढंच त्यांचं बाहेरचं जग उरलं होतं. भाजी एका माणसाला किती लागते? पण ते रोज जायचे, दोन वांगी आणायचे, कोथिंबिरीवरून हुज्जत घालायचे. एकदा घरी येऊन कडी लावली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येत नसे. कुकरची शिट्टी झाली तरी बरं वाटायचं. एकटं वाटायचं त्यांना, फार एकटं वाटायचं, आणि स्कूटरला किक मारली की तेवढ्यापुरतं ते कमी व्हायचं.

शिवाय गुडघे. मंडईपर्यंतची चाल त्यांना आता झेपेल की नाही, याची त्यांनाच खात्री नव्हती.

सरांनी पंचनामा दुरुस्तीचा अर्ज लिहिला. चौकीबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाने तो संगणकावर उतरवला. अर्जात सरांनी लिहिलं होतं, ‘सदर नोंदीमुळे संवेग अक्षय्यतेच्या नियमाचा भंग होत आहे.’ टंकलेखकाला संवेग हा शब्द काही पटला नाही. त्याने भल्या मनाने तो सुधारून ‘संवेदना’ केला. चार दिवसांनी अर्जावर वरिष्ठांचा शेरा आला: ‘अर्जदाराच्या नेमक्या कोणत्या संवेदनांचा भंग झाला, याचा खुलासा करावा. धार्मिक असल्यास तसे स्पष्ट नमूद करावे.’

सरांनी खुलासा लिहिला. दोन पानं. वस्तुमान गुणिले वेग, आकृतीसह. ती आकृती घटनास्थळाच्या नकाशाला जोडली गेली आणि नकाशात भाजी मंडईच्या जागी ‘बल’ नावाचा एक बाण आला.

शेवटी बिरुदेवच घरी आला. “सर, आसं करू. पुरवनी जबाब घिऊ. तुमी मोजमाप करून दाखवा, दोन पंच बसवू, मी तितल्या तितं लिवतो. साहेब म्हनले, सरांचं एकदाचं मिटवून टाक.”

सरांच्या अंगात चौतीस वर्षं परत आली. त्यांनी कपाटावरून जुना फळा काढला, धूळ पुसली आणि खडू शोधला.

पद्धत सोपी होती. धडकेनंतर स्कूटर आणि गाडी एकमेकांत अडकून एकच झाली. एक होऊन ती ज्या वेगाने निघाली तो वेग सापडला, की नियम उलटा चालवायचा आणि धडकेआधीचा वेग काढायचा. त्यासाठी ती जोडगोळी पुन्हा ढकलायची, सोडायची, आणि ती बरोबर पंधरा फुटांवर थांबली की किती सेकंद लागले ते मोजायचे. जागा ठरली सोसायटीसमोरचा रस्ता.

पहिला मुहूर्त शनिवारचा धरला होता, पण तो पाण्याचा दिवस निघाला. पाणी पाचव्या दिवशी येतं. त्या सकाळी सोलापुरात साक्षात यम आला तरी त्याला सांगतील, जरा पिंप भरू दे. रस्त्यावर सर, फळा आणि फकीरचाचा असे तिघेच होते. चाचा गाडी घेऊन तीन किलोमीटर ढकलत आले होते, आणि त्यांना परत जावं लागलं. “काय नाय सर,” ते म्हणाले. “सोमवारी येतो. तुमच्या बिल्डिंगमदी दोन चादरी तरी खपतील.”

सोमवारी मात्र सगळे आले, आणि प्रत्येकजण सल्ला घेऊन आला. कोंडीबांना तर हा आपलाच विषय वाटत होता. “आमी वर्कशॉपात डब्याला डबा आसा जोडायचो, आतल्या मानसाच्या कपातला च्या हालायचा न्हाय. सर, तुमचं बफरच चुकलं.” स्कूटरला बफर नसतो हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या पत्नी सोजरबाई बार्शीकडच्या. त्यांच्या मते हा संवेगाचा नव्हे, नजरेचा मामला होता. त्यांनी लिंबू-मिरची आणली आणि फुटलेल्या हेडलाइटला बांधली. त्या लिंबाचं वस्तुमान धरायचं की नाही, यावर सरांनी क्षणभर खरोखर विचार केला.

भंगारवाल्याच्या काट्यावर चाचांची गाडी मालासकट तोलून झाली होती: दीडशे किलो. स्कूटर गाडीच्या दांड्यात अडकवून सुतळीने बांधली. सर सीटवर बसले, कारण त्या दिवशीही बसले होते. बिरुदेव आणि कोंडीबा मागून ढकलायला लागले.

पहिल्या खेपेला गाडी सहा फुटांवर थांबली. दुसऱ्या खेपेला दोघांना जोर चढला आणि सर सोसायटीच्या फाटकातून आत जाऊन पाण्याच्या टाकीपाशी पोचले. तिसऱ्या खेपेला सुतळी तुटली. गाडी पुढे गेली, स्कूटर मागे राहिली, आणि चाचा “अरे, माल, माल!” करत धावले. चौथ्या खेपेला वरून पुन्हा ती डबल बेडची चादर सरांच्या डोक्यावर आली. “हां, आता बरोबर!” सोजरबाई ओरडल्या. “आस्संच दिसत व्हतं फोटूत!” आठव्या खेपेला चाक बरोबर खडूच्या रेघेवर थांबलं. मोबाइलवर तीन सेकंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सर चादरीतून डोकं काढून हसले. मग सगळ्यांना वर घरी घेऊन गेले. माळ्यावरचा कपांचा संच काढला, तो गुलाबी फुलांचा. इतकी माणसं त्या घरात दोन वर्षांनी आली होती, आणि मागच्या वेळी आली होती ती रडायला आली होती. सरांनी स्वतः चहा केला. साखर जास्त पडली, पण कुणी बोललं नाही. शेंगा चटणी आणि कडक भाकरी मधे ठेवून सर फळ्यापाशी उभे राहिले.

“पंधरा फूट म्हणजे साडेचार मीटर. वेळ तीन सेकंद. थांबेपर्यंत वेग सारखा कमी होत गेला, म्हणून सुरुवातीचा वेग सेकंदाला तीन मीटर. ताशी दहा पूर्णांक आठ किलोमीटर. कळलं?”

“कळलं,” सगळे म्हणाले. वर्गात म्हणतात तसंच.

“आता धडकेआधी संवेग फक्त आमच्याकडे. बिरुदेव, स्कूटर आणि स्वार मिळून किती?”

बिरुदेवने चहाचा कप खाली ठेवला आणि डोळे मिटले. “दोनशे चोवीस किलो, सर!”

सरांना भरून आलं. दरवर्षी नववीला संवेगाचा धडा आला की ते आपल्याच स्कूटरचं उदाहरण द्यायचे. सोलापुरात असे शेकडो लोक असतील, ज्यांना नियम आठवणार नाही पण दोनशे चोवीस आठवेल. त्यांनी फळ्यावर २२४ लिहिलं, त्यात गाडीचे दीडशे मिळवले, गुणाकार केला, भागाकार केला, आणि खाली ठळक रेघ मारली.

“अठरा! ताशी अठरा किलोमीटर. वीसच्या आत.”

पुन्हा टाळ्या. कोंडीबांनी पंच म्हणून सही करायला पेन काढलं. सरांनी फळ्याचा फोटो काढायला मोबाइल हातात घेतला. उत्कर्षाला पाठवायचा होता. फकीरचाचा मान डोलावत म्हणाले, “चला, सर बरी झाले. सुटले!”

बिरुदेव मांडीवर छापील फॉर्म घेऊन भरत बसला होता. आणि इथे जे झालं ते फॉर्ममुळे झालं. माणसाला कळत नाही ते कधी कधी फॉर्मला कळतं.

“सर, रकाना सात. वाहनावरील इसम, चालकासह. किती लिवू?”

“एक.”

“एक,” बिरुदेवने लिहिलं. “रकाना आठ. वाहनाचं वजन.”

“एकशे चार.”

“रकाना नऊ. इसमांचं वजन.”

“बासष्ट.”

बिरुदेवने बेरीज केली. बोटांवर एकदा केली, कागदाच्या कडेला एकदा केली. मग वर बघितलं. त्याचा चेहरा पुन्हा नववीतला झाला होता, उत्तर जुळत नाही तेव्हा व्हायचा तसा.

“सर, एकशे सहासष्टच व्हतंय. ह्ये वरचं अट्टावन्न कुनाचं?”

कोंडीबांनी पेनाचं टोपण लावलं. सोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या सरांच्या पत्नीला, महादेवीबाईंना, ओळखत होत्या.

स्कूटर एकशे चार, मी बासष्ट, बाई अठ्ठावन्न. हाच तो सरांचा वर्गातला दाखला. कुर्डुवाडी स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्राचं एक तिकीट स्कूटरच्या डिकीत अजून होतं. छापील अठ्ठावन्न, आणि मागे भविष्य: ‘प्रवास सुखाचा होईल.’ महादेवीबाईंनी ते सरांच्या हातात देऊन म्हटलं होतं, घ्या, तुमच्या गणिताला लागेल. मग चौतीस वर्षांतली पुढची सगळी वर्षं ते लागलं. शेवटच्या वर्षी त्यांचं वजन फारच उतरलं होतं, पण सरांनी आकडा बदलला नव्हता.

आणि मंडईच्या वळणावर, चाचांच्या गाडीसमोरच, त्या रोज उतरायच्या. स्कूटर पुरती थांबायच्या आत. सर मान मागे वळवून म्हणायचे, “उतर गं, सावकाश.”

फकीरचाचांनी कप हळूच खाली ठेवला. “म्हंजे त्या दिवशी...” असं म्हणून ते थांबले. सगळ्यांत आधी त्यांनाच कळलं, कारण त्यांनीच बघितलं होतं.

“बोलत होतो,” सर म्हणाले. “तुम्ही खरं बोललात, चाचा. मीच खोटं बोललो.”

बिरुदेव गडबडीने म्हणाला, “सर, ऱ्हाऊ द्या की! रकाना सातमदी दोन लिवतो. कोन बघतंय? दोगं व्हतं म्हनून लिवू.”

सर त्याच्याकडे बघत राहिले. या पोराने आधी दोन्ही वाहनं उभी केली होती, आता माणसं वाढवायला निघाला होता. भौतिकशास्त्र त्याला कधीच येणार नव्हतं. पण सरांना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

“नाही रे. नसलेलं वस्तुमान धरता येत नाही.”

त्यांनी डस्टर घेतलं नाही. तळहातानेच २२४ पुसलं आणि त्या जागी १६६ लिहिलं. गुणाकार केला, भागाकार केला. खडू एकदा मोडला. उत्तर आलं साडेवीस.

अर्ध्या किलोमीटरने हुकलं होतं. ती मागे असली तर अठरा, नसली तर साडेवीस. जिवंत होती तेव्हाही तसंच होतं. वेग वाढला की ती खांद्यावर दोन बोटं टेकवायची.

सरांनी फळ्याचा फोटो काढला आणि पुण्याला पाठवला. पुसटसं २२४ खालून दिसत होतं. फोन लगेच आला. उत्कर्षा म्हणाली, “बाबा, अर्ध्याने काही होत नाही. ठेवा स्कूटर.”

“ठरलं म्हणजे ठरलं,” सर म्हणाले. “वीसच्या आत जायला मागे माणूस लागतं गं.”

चावी त्यांनी दुसऱ्या दिवशी कुरियरने पाठवली. शेंगा चटणीच्या डब्यात घातली होती, हरवू नये म्हणून. उत्कर्षाला ती तिसऱ्या जेवणाला सापडली.

स्कूटर आता पार्किंगमध्ये असते. फकीरचाचांनी तिच्यावर ती डबल बेडची चादर घातली आहे, “माल खराब झालाच होता,” असं सांगून. आत काटा चाळीसवर आहे. पंचनामा मात्र दुरुस्त झाला. बिरुदेवने या खेपेला अक्षर न् अक्षर बरोबर लिहिलं, फक्त संवेगचा आवेग झाला. ‘चालक आवेगात होते,’ असं तिथे कायमचं नमूद आहे. सरांनी त्यावर अर्ज केला नाही.

सर सकाळी मंडईला चालत जातात. गुडघे कुरकुरतात, पण जातात. अर्धा तास लागतो तिथे पाऊण तास लागतो. वळणावर चाचांच्या गाडीपाशी आले की त्यांचे पाय आपोआप थांबतात आणि मान जराशी मागे वळते. ते काही बोलत नाहीत. लोक बघतात, म्हणून.

पहिले काही दिवस चाचा नुसते बघायचे. मग एका सकाळी टॉवेलांची घडी घालता घालता, मान वर न करता, त्यांनी सांगून टाकलं.

“उतरल्या, सर. सावकाश उतरल्या.”

सरांनी मान हलवली आणि ते पुढे निघाले.